जपानची राज्यघटना सात दिवसांत लिहून मिळाली नाही

सिंहगड रस्त्यावरच्या जपानी शैलीतल्या पुणे-ओकायामा मैत्री उद्यानाच्या छायाचित्रांसोबत सध्या पुण्यातल्या व्हॉट्सॲप गटांवर एक मजकूर फिरतो आहे. १९४५मध्ये शरण आलेल्या जपानला लोकशाही ठाऊकच नव्हती, ताबा घेणाऱ्या दोस्त सैन्याचे अमेरिकी सरसेनापती जनरल मॅकआर्थर यांनी सारा कारभार स्वतः हाती घेतला आणि सात दिवसांत राज्यघटना लिहून दिली, असे त्यात ठामपणे म्हटले आहे. जपानी भाषा शिकणारी इतकी मुले ज्या शहरात आहेत, तिथे तरी हे असे जसेच्या तसे पुढे जाऊ नये.

पहिले विधान सरळ चूक आहे. जपानमध्ये संसदेची पहिली निवडणूक १८९०मध्ये झाली आणि १९२५मध्ये पंचविशी ओलांडलेल्या पुरुषांना मताधिकार मिळाला. पुढे लष्कराने ही व्यवस्था निकामी केली, पण तिची आठवण पुसली गेली नव्हती.

कारभाराचे म्हणाल, तर जर्मनीत विजेत्यांनी थेट सत्ता चालवली. जपानमध्ये मात्र मंत्रिमंडळ आणि खाती कायम राहिली, आणि मॅकआर्थर यांच्या मुख्यालयाचे हुकूम त्यांच्यामार्फतच अमलात आले. जमीन सुधारणाच पाहा. आपल्याकडे कूळकायद्याने किती वर्षे आणि किती खटले खाल्ले हे ज्यांच्या घरात ठाऊक आहे, त्यांनी हे विशेष लक्षात घ्यावे, की तिथे गावोगावच्या निवडून आलेल्या समित्यांत पाच कुळे, तीन जमीनमालक आणि दोन स्वतः कसणारे शेतकरी असत. कोणाची किती जमीन जाणार, ते बांध ओळखणारी ही दहा माणसे ठरवत. कुळांकडच्या जमिनीचे प्रमाण सुमारे ४६ टक्क्यांवरून १० टक्क्यांपर्यंत खाली आले. दडपण अमेरिकेचे होते हे खरे, पण काम गावाने केले.

घटनेबद्दलचे विधान अर्धे खरे आहे, म्हणूनच ते अधिक फसवे आहे. जपानी सरकारचा मसुदा जुन्याच वळणाचा निघाल्यामुळे मुख्यालयातल्या मंडळींनी ४ ते १२ फेब्रुवारी १९४६ या काळात आपला मसुदा तयार केला आणि तो सरकारच्या गळी उतरवला; हे नाकारण्यात अर्थ नाही. स्त्रियांच्या हक्कांची कलमे लिहिणाऱ्या बावीस वर्षांच्या बिआते सिरोटा तर जीपने टोकियोतली ग्रंथालये पालथी घालून देशोदेशींच्या घटना गोळा करून आल्या होत्या. पण त्याआधी, डिसेंबर १९४५मध्येच, राज्यघटनेचे जपानी अभ्यासक सुझुकी यासुझो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी लोकांचे सार्वभौमत्व मानणारा घटनेचा मसुदा जाहीर केला होता आणि मुख्यालयाने तो भाषांतर करून वाचला होता. नंतर जपानी बाजूने आग्रह धरून एकाच सभागृहाऐवजी दोन सभागृहे आणली. ज्या निवडणुकीत स्त्रियांनी प्रथमच मतदान केले आणि ३९ स्त्रिया निवडून आल्या, तिच्यातून बनलेल्या प्रतिनिधिगृहात सुमारे दोन महिने कलमवार चर्चा झाली. किमान निरोगी आणि सुसंस्कृत जीवनाचा हक्क देणारे २५व्या कलमातले वाक्य अमेरिकी मसुद्यात नव्हतेच. ते समाजवादी सदस्यांच्या आग्रहाने या चर्चेत घातले गेले.