नागपुरात जुनी सेडान घ्यायची असेल तर दुपारी दोन वाजता बघा

राजेहो, सध्या ओळखीतले बरेच जण एकच प्रश्न विचारून राहिले, भाऊ पाच-सहा लाखांत जुनी होंडा सिटी घेऊ की मारुती सियाझ की ह्युंदाई वरना, की स्कोडा रॅपिड-फोक्सवॅगन वेंटोकडे जाऊ. मॉडेलवर येतोच, पण त्याच्या आधीची गोष्ट मला जास्त महत्त्वाची वाटते. आपल्या नागपुरात जुनी सेडान इंजिनमुळे कमी आणि कूलिंग, एसी अन् रबराच्या पार्टांमुळे जास्त पैसे खाते, आणि लोक बघतात काय तर पेंट, अलॉय आणि मीटरवरचे किलोमीटर, तेही ऑफिस सुटल्यावर संध्याकाळी सात वाजता.

संध्याकाळी सगळ्याच गाड्या चांगल्या वाटतात. मे महिन्यात इथे पारा ४५ च्या वर जातो, त्या उन्हात तासभर उभी असलेली गाडी दुपारी दोन वाजता स्टार्ट करा, एसी फुल लावा, आणि हायवेला नेऊ नका, सीताबर्डी किंवा सदरच्या ट्रॅफिकमध्ये न्या. चालत्या गाडीत एसी गार आणि सिग्नलला थांबलं की वारा कोमट होत असेल तर कंडेन्सर, म्हणजे एसीची गर्मी बाहेर टाकणारी समोरची जाळी, चोकअप आहे किंवा रेडिएटरचा फॅन नीट ओढत नाहीये, आणि ज्या गाडीचा फॅन कमजोर तिचं इंजिनही आज ना उद्या तापणारच. बऱ्याच गाड्यांमध्ये टेम्परेचरचा काटाच नसतो, फक्त निळा आणि लाल दिवा, आणि लाल दिवा पेटेपर्यंत बराच उशीर झालेला असतो. म्हणून म्हणतो, हजार रुपयांच्या आतबाहेर एक ओबीडी स्कॅनर मिळतो, गाडीच्या कॉम्प्युटरमधले आकडे दाखवणारा, तो घ्या, गाडीत लावून मोबाइलला जोडा, ट्रॅफिकमध्ये कूलंटचं टेम्परेचर वर जाऊन फॅन लागल्यावर खाली येतं का ते बघा. नुसतं वरच चढत गेलं तर तिथूनच परत फिरा.

एसीबद्दल जरा जास्तच बोलतो कारण सगळ्यात जास्त फसवणूक इथेच होते. विकणारा म्हणतो "गॅस भरून देतो", अरे पण गॅस काही पेट्रोल नाही ना संपायला, सिस्टीम बंद असते, गॅस कमी झाला म्हणजे कुठूनतरी लीक आहे. पाइप किंवा ओ-रिंग असेल तर ठीक, पण डॅशबोर्डच्या आतली कूलिंग कॉइल लीक असेल तर बहुतेक सेडानमध्ये पूर्ण डॅशबोर्ड उतरवावा लागतो आणि लेबर धरून दहा-पंधरा हजार सहज जातात. माझ्या गाडीला हेच झालं होतं. आमच्या मिस्त्रीने सिस्टीममध्ये डाय, म्हणजे लीक दाखवणारा चमकणारा रंग, टाकली, दोन दिवस गाडी चालवायला लावली आणि मग खाली वाकून एसीचं पाणी जिथून ठिबकते त्या नळीच्या तोंडावर निळा टॉर्च मारला तर तिथे पोपटी रंग चमकत होता, म्हणजे लीक आतच. विकणारा गॅस भरून देतो म्हणाला की त्याला सांगा, गॅस नको, डाय टाकून दाखवा. जो तयार होईल त्याच्याशी पुढचं बोला.

बोनेट उघडाल ते इंजिन गार असताना. रेडिएटरचं झाकण काढून आत बघा, कूलंट स्वच्छ हिरवं, गुलाबी किंवा निळं पाहिजे. गंजलेलं तपकिरी पाणी दिसलं तर आधीच्या मालकाने वर्षानुवर्षं बोअरचं पाणी टाकलेलं आहे, आणि बोअरच्या पाण्याचा क्षार रेडिएटरमध्ये बसला की उन्हाळा निघत नाही. ऑइलच्या झाकणाच्या आत दुधाच्या चहासारखा थर असेल तर कूलंट ऑइलमध्ये जात असण्याची दाट शक्यता, म्हणजे हेड गॅस्केटचं (इंजिनच्या वरच्या अन् खालच्या भागामधल्या सीलचं) काम, मिस्त्रीला दाखवल्याशिवाय टोकन देऊ नका.

मग रबर. ऊन रबराला कडक करतं आणि आपल्या सिमेंट रोडचे जॉइंट अन् गल्लीबोळातले स्पीड ब्रेकर ते तोडतात. सस्पेन्शनमधले लोअर आर्मचे बुश, लिंक रॉड, स्ट्रट माउंट, आणि इंजिन ज्यावर बसतं ते माउंटिंग, हे सगळं सत्तर-ऐंशी हजार किलोमीटरच्या आसपास एकेक करून मागायला लागतं. काचा खाली करून हळू स्पीडने खराब रस्त्यावर न्या, खटखट लगेच ऐकू येते. टायरवर चार आकडी नंबर असतो, २३१९ म्हणजे २०१९ चा तेविसावा आठवडा. नक्षी कितीही छान असू द्या, सहा-सात वर्षं जुना टायर घेऊन समृद्धीवर १२० ने जाऊ नका, घरचे लोक बसलेले असतात राजेहो. चारही टायर बदलायचे तर पंचवीस-तीस हजार धरून चाला.

आणि एक खास आपल्या शहराची गोष्ट. २३ सप्टेंबर २०२३ ला पहाटे अंबाझरी तलाव ओव्हरफ्लो होऊन कितीतरी गाड्या पाण्यात गेल्या. त्या काही सगळ्या भंगारात नाही गेल्या. सीट बेल्ट शेवटपर्यंत बाहेर ओढा, चिखलाची रेघ खालच्या भागात राहून जाते, आणि सीटखालचे बोल्ट अन् स्टेपनीचा खड्डा बघा. वायरिंगमध्ये पाणी गेलेली गाडी कोणत्याही भावात नको.

आता मॉडेल. सिटी आणि सियाझचं पेट्रोल मॅन्युअल सगळ्यात बिनधास्त, टायमिंग बेल्टऐवजी चेनचं इंजिन, पार्ट मिळतात, साधा मिस्त्रीही काम करतो. २०१४ च्या आधीची सिटी असेल तर कंपनीच्या साइटवर चेसिस नंबर टाकून टाकाटा कंपनीच्या सदोष एअरबॅगचा रिकॉल, म्हणजे कंपनीने बोलावून त्या बदलून देणं, झाला आहे का बघा, ते काम फुकट होतं आणि जिवाचं आहे. वरना चालवायला मस्त, पण १.६ इंजिन १५०० सीसीच्या वर जातं, त्यामुळे थर्ड पार्टी इन्शुरन्सचा प्रीमियम २०२२ च्या दराने ३,४१६ ऐवजी ७,८९७ रुपये लागतो, आणि तो दर वर्षी. रॅपिड-वेंटोची बॉडी मजबूत, मला स्वतःला आवडते, पण सात गिअरचा ड्राय क्लचवाला डीएसजी ऑटोमॅटिक गिअरबॉक्स वॉरंटीबाहेर असेल तर माझा स्पष्ट नकार आहे, त्याचं कंट्रोल युनिट, मेकाट्रॉनिक, गेलं की बिल लाखाच्या घरात जाऊ शकतं आणि ट्रॅफिकची गर्मी त्याला मुळीच मानवत नाही. त्यांचं डिझेल, टीडीआय, घेत असाल तर टायमिंग बेल्ट कधी बदलला त्याचं बिल मागा, बिल नाही म्हणजे बदललेला नाही असंच समजा, कारण तो तुटला की व्हॉल्व्ह पिस्टनवर आदळतात. डिझेल तेव्हाच जेव्हा रोज खरंच लांब जाणं आहे, मनीषनगर ते बर्डीसाठी नाही, इंजेक्टर-टर्बोचा एक खर्च पेट्रोल-डिझेलमधला सगळा फरक खाऊन टाकतो. पेट्रोलवाल्यांनी ई-२० चाही, म्हणजे २० टक्के इथेनॉल मिसळलेल्या पेट्रोलचाही, हिशोब धरावा, सरकारनेच जुन्या गाड्यांचं मायलेज ३ ते ६ टक्के कमी होऊ शकतं हे मान्य केलेलं आहे.

पैशाचं गणित असं करा, सहा लाख जवळ असतील तर गाडी पाच लाखाची बघा. उरलेल्या लाखातून टायर, बॅटरी, सगळी ऑइलं, कूलंट, सस्पेन्शन आणि इन्शुरन्स. जुन्या मालकाचा नो क्लेम बोनस तुम्हाला मिळत नाही, तो माणसाचा असतो, गाडीचा नाही, आणि आरसी नावावर झाली की १४ दिवसांत पॉलिसीही नावावर करून घ्यायची असते, नाहीतर क्लेमच्या वेळी अडकता. गाडीवर जुन्या मालकाचं लोन असेल तर बँकेची एनओसी आणि फॉर्म ३५ (आरसीवरून लोनची नोंद काढायचा) हातात आल्याशिवाय पूर्ण पेमेंट नको. चलान ऑनलाइन दिसतं, ते विकणाऱ्याकडूनच भरून घ्या, आणि १ एप्रिल २०१९ च्या आधीच्या गाडीला एचएसआरपी, म्हणजे हाय सिक्युरिटी नंबर प्लेट, लागली आहे का तेही बघा.

मला आज कोणी विचारलं तर २०१६-१७ ची एका मालकाची, नागपूर पासिंगची म्हणजे एमएच-३१ किंवा ४९ ची पेट्रोल मॅन्युअल सिटी किंवा सियाझ, पूर्ण सर्व्हिस रेकॉर्ड असलेली, दहा-वीस हजार जास्त देऊनही घ्या म्हणेन. कोणाला गाडी बघायला सोबत पाहिजे असेल तर मेसेज करा, रविवारी मी मोकळा असतो, फक्त वेळ दुपारची ठेवा.