वाळलेल्या पानाला मुळं फुटली म्हणून साखरेची गोळी बंद करायची?

मावशीने अकरा दिवस साखरेची गोळी घेतली नव्हती. कळव्याला तिच्याकडे गेले तेव्हा टेबलावर पाण्याचा वाडगा होता, त्यात एक हिरवीगार वनस्पती पसरलेली आणि शेजारी तपकिरी पुडी. "अगं, घेतली तेव्हा वाळून चेंडू झाली होती. रात्री पाण्यात टाकली आणि सकाळी बघते तर ही अशी! संजीवनी आहे ती." आणि तिने मोबाइल माझ्यापुढे केला. त्याच दिवशी तिची उपाशीपोटी साखर तपासली. २६८.

तो मेसेज तुमच्याही ग्रुपवर आला असेल. वर्षावनात शास्त्रज्ञांना नेच्याची, म्हणजे फर्नची, अतिदुर्मीळ नवी जात सापडली आहे, तिची मेलेली पानं पुन्हा जिवंत होतात, म्हणजे हीच रामायणातली संजीवनी. शंभर वर्षांतून एकदा तिला फूल येतं. आपल्या ठाण्याजवळच्या येऊरच्या ओढ्याकाठीही ती मिळते. पानामागची सोनेरी पूड मधातून घ्या, साखर मुळापासून जाईल, औषधं बंद करा. शेवटी 'पुण्य मिळेल, पुढे पाठवा'.

आधी पूड, कारण माणूस आजारी पडतो तो तिच्यामुळे. नेच्याचं पान उलटं करून बघा. खाली तपकिरी ठिपके किंवा रेषा दिसतात. त्या बीजाणूंच्या पिशव्या. पिकलेलं पान रात्रभर पांढऱ्या कागदावर ठेवलं तर सकाळी कागदावर बारीक भुकटी पडलेली असते, बोटाला चिकटते, फुंकर मारली की उडते. नेचा पुढची पिढी वाढवतो ती यातून. हे त्याचं पुनरुत्पादनाचं साधन आहे. साखर उतरवण्याशी त्याचा संबंध कुठून आला? आणि नेचे सरसकट निरुपद्रवी असतात हेही खोटं. ब्रॅकन नावाचा नेचा जगभर आढळतो. त्यातलं टॅक्विलोसाइड हे विषारी द्रव्य १९८३ साली वेगळं काढलं गेलं. तो चरणाऱ्या गुरांना मूत्राशयाचे कर्करोग होतात, लघवीतून रक्त जातं. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने १९८७ साली ब्रॅकनला 'माणसात कर्करोग करण्याची शक्यता असलेल्या' गटात टाकलं. मावशीच्या पुडीत ब्रॅकन होता असं मी म्हणत नाही. त्या पुडीत काय होतं ते विकणाऱ्यालाही सांगता येणार नाही, आणि माझा सगळा राग त्याचाच आहे. नेच्यांच्या जाती ओळखताना अभ्यासकसुद्धा भिंग घेऊन बसतात, आणि इथे स्टेशनबाहेर पाटीवर पुड्या विकल्या जातात.

एवढं मान्य करते की काही नेचे खाल्ले जातात. आसामात ढेकिया शाक होतं, उत्तराखंडात लिंगुड्याची भाजी होते. पण ते कोवळे कोंब असतात, पिढ्यानपिढ्या ओळखीचे, आणि शिजवून खातात. आपल्याकडे हंसराज नावाचा नेचा खोकल्याच्या काढ्यात घालायचे, हेही खरं. यातलं काहीच 'मधुमेहाचं औषध बंद करा' असं सांगत नाही.

आता मेलेलं पान जिवंत होण्याची गोष्ट. यात खऱ्याचा अंश आहे, आणि तो इतका सुंदर आहे की त्याची अशी नासाडी बघवत नाही. पश्चिम पनामातल्या फोर्टुना राखीव जंगलात सायाथिया रोजासियाना नावाचा झाडासारखा वाढणारा नेचा आहे. त्याची जुनी पानं वाळून खोडाभोवती घागऱ्यासारखी लोंबतात, टोकं जमिनीला टेकतात. इलिनॉय विद्यापीठाचे जेम्स डॅलिंग आणि सहकाऱ्यांना दिसलं, की मातीत शिरलेल्या या टोकांना बारीक मुळांचं जाळं फुटलं आहे. ज्या नळ्यांतून पूर्वी पाणी पानाकडे जात होतं, त्यांतूनच आता मातीतलं अन्न उलट दिशेने झाडाकडे येतं. नायट्रोजनचा वेगळा ओळखू येणारा प्रकार (समस्थानिक) मातीत घालून त्यांनी ते तपासलं. जानेवारी २०२४ मध्ये 'इकॉलॉजी' या नियतकालिकात हे छापून आलं. पान पुन्हा हिरवं झालं नाही, त्याचं पातं कुजूनच गेलं. निकस मातीत जगणाऱ्या झाडाने जुन्या देठाचं मूळ करून घेतलं, स्वतःसाठी. आणि नेचा नवा नाही, त्याला शास्त्रीय नाव मिळून कितीतरी दशकं झाली. नवी कळली ती त्याची सवय.

मावशीच्या वाडग्यातलं झाड तर तेही नव्हे. ती सेलाजिनेला. संजीवनी म्हणून तीच सगळीकडे विकतात. ती खरा नेचाही नाही, त्याची दूरची नातेवाईक. पाणी नसलं की ती गुंडाळून वाळते, मिळालं की उलगडते. ती मेलेली नव्हतीच, वाळलेली होती. वाडग्यासमोर बसून हे मावशीला समजावताना मला जितकं जड गेलं तितकं कुठल्या वर्गात शिकवताना गेलं नाही, कारण तिने डोळ्यांनी पाहिलेलं खोटं नव्हतं.

फुलाचं एका ओळीत सांगते. नेच्याला फूल येत नाही, शंभर वर्षांतूनही नाही. पृथ्वीवर फुलं यायच्या कितीतरी आधीपासून नेचे आहेत.

'नवी जात सापडली' म्हणजे काल जन्मली, असंही लोकांना वाटतं. नवी जात जाहीर करायची तर नमुना वाळवून संग्रहालयात कायमचा ठेवावा लागतो, सगळ्या जवळच्या जातींशी ताडून वर्णन छापावं लागतं. २०१० साली अमेरिकेच्या राष्ट्रीय विज्ञान अकादमीच्या नियतकालिकात एक अभ्यास आला. त्यात पहिल्यांदा गोळा केल्यापासून पाच वर्षांत वर्णन झालेल्या नव्या जाती फक्त १६ टक्के निघाल्या, आणि जवळपास एक चतुर्थांश वर्णनांत पन्नास वर्षांहून जुने नमुने होते. म्हणजे झाड कागदावर चिकटवलेलं कपाटात पडून असतं आणि ते निराळं आहे हे कुणाच्या तरी लक्षात यायला अर्धं शतक जातं.

राहिलं येऊर. ते वर्षावन नाही, पानगळीचं जंगल आहे. पाऊस धो धो पडतो, पण चार महिने, आणि मार्चमध्ये तिथे पायाखाली पाचोळा वाजतो. शिवाय येऊर संजय गांधी राष्ट्रीय उद्यानात येतं. तिथून रोप उपटणं हा १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली गुन्हा आहे. बघायला मात्र जरूर जा. श्रावणात रस्त्याकडेच्या दरडीवर हंसराज असतो, काळ्या चकचकीत देठाचा. त्याच्या पानाचं टोक लांबून मातीला टेकतं आणि तिथे नवं रोप धरतं. झाडांवर वाढणाऱ्या बाशिंग नावाच्या नेच्याची खालची पानं वाळून तपकिरी होतात पण गळत नाहीत, त्यांच्या ओंजळीत पालापाचोळा साठतो आणि नेच्याला खत मिळतं. पनामाला जायला नको.

मावशीची गोळी त्याच संध्याकाळी डॉक्टरांना विचारून सुरू केली. हे सगळं तिच्या ग्रुपवरही टाकलं आहे. तुमच्या घरात कुणी ती पूड घेत असेल तर आज बंद करा, औषध परस्पर बंद केलं असेल तर आजच डॉक्टरांकडे जा, आणि पुडी सोबत न्या. काय खाल्लं ते लपवू नका.