शेजाऱ्याला दार लावलं की तो वठणीवर येतो?

गोव्यात डिचोलीतल्या आमच्या तीन-चार ग्रुपांवर सध्या एकच मेसेज फिरतोय. शेजारी देश आपल्या जिवावर जगतात आणि आपल्यालाच डोळे दाखवतात. त्यांच्याशी व्यापार म्हणजे तोट्याचा धंदा. तो बंद केला की महिन्याभरात नाक घासत येतील. आपलं काही अडणार नाही, पुढचा व्यापार दूरच्या बड्या देशांशी करावा. शिकलीसवरलेली माणसं हे पुढे ढकलताहेत, म्हणून एकेक मुद्दा घेऊन लिहितोय.

तोट्याचा धंदा? 2023-24 मध्ये आपण बांगलादेशाला सुमारे 11 अब्ज डॉलरचा माल विकला आणि त्यांच्याकडून घेतला 2 अब्जांहूनही कमी. नेपाळ आणि श्रीलंकेलाही आपण विकतो जास्त, घेतो कमी. मोठी तूट आहे ती चीनशी, 2024-25 मध्ये 99 अब्ज डॉलरची. ती कमी व्हायलाच हवी. पण औषधांसाठी देश जो कच्चा माल आयात करतो, त्यातला बहुतांश चीनमधून येतो. उद्या तो थांबला तर आपल्या वेर्ण्यातले औषध कारखाने कशावर चालवायचे, हे मेसेज लिहिणाऱ्याने सांगावं.

आता 'नाक घासत येतील' हा मुद्दा. गोव्यात बसून कुणी हे लिहावं याचं मला फार वाईट वाटतं, कारण ही गोष्ट आपल्या घरात घडून गेली आहे. 15 ऑगस्ट 1955 ला गोव्यावर राज्य करणाऱ्या पाखल्यांनी, म्हणजे पोर्तुगिजांनी, निःशस्त्र सत्याग्रहींवर गोळ्या झाडल्या आणि भारताने सीमा बंद केली. तो संताप रास्तच होता, आणि मुक्तीबद्दल माझ्या मनात तिळमात्र किंतु नाही. पण त्या बंदीने पोर्तुगालचा हुकूमशहा सालाझार वाकला का? खनिज जपानला आणि पश्चिम जर्मनीला जातच राहिलं, उलट वाढलं. बाजारात हॉलंडचे बटाटे आले. घड्याळं आणि सोनं चोरवाटेने पलीकडे जाऊ लागलं. झळ बसली ती आमच्या आजीसारख्यांना. तिचं माहेर सीमेपलीकडे बांद्याला, सकाळी निघालं तर दुपारच्या जेवणाला पोचावं इतक्या अंतरावर. सख्ख्या भावाच्या लग्नाला तिला जाता आलं नाही. त्या लग्नासाठी घेतलेलं हिरवं लुगडं तिने शेवटपर्यंत पेटीत जपून ठेवलं होतं. गोवा सुटला तो डिसेंबर 1961 मध्ये, सैन्य आलं तेव्हा. सहा वर्षं दार लावून ते झालं नव्हतं.

नेपाळचं उदाहरण ताजं आहे. 2015 मध्ये भूकंपातून सावरण्याआधीच सीमेवर ट्रक अडकले आणि काही महिने तिथे गॅस, पेट्रोल, औषधं मिळेनाशी झाली. याला नाकेबंदी म्हणायला दिल्ली तयार नव्हती. नेपाळी माणूस मात्र आजही तेच म्हणतो. मार्च 2016 मध्ये नेपाळने चीनशी माल वाहतुकीचा करार केला.

पाकिस्तानची गोष्ट वेगळी. पहलगामनंतर मे 2025 मध्ये तिथून येणारा माल बंद झाला, त्याबद्दल माझी तक्रार नाही. पण म्हणून ढाका, काठमांडू, कोलंबो सगळ्यांना त्याच गोणीत कोंबायचं?

आपलं काही अडत नाही म्हणणाऱ्यांनी लासलगावच्या कांदेवाल्याला विचारावं. आपल्या कांद्याचं सर्वांत मोठं गिऱ्हाईक बांगलादेश होतं. डिसेंबर 2023 मध्ये निर्यात बंद झाली आणि नाशिककडे भाव कोसळले. तुटलेलं गिऱ्हाईक बंदी उठल्याच्या दुसऱ्या दिवशी परत येत नसतं.

राहिला दूरच्या देशांचा मुद्दा. दक्षिण आशियातले देश आपसात करतात तो व्यापार त्यांच्या एकूण व्यापाराच्या जेमतेम 5 टक्के. आग्नेय आशियात हेच प्रमाण 20 टक्क्यांच्या वर आहे. शेजाऱ्यांना एकमेकांचा माल नको असतो म्हणून असं होत नाही. जीएसटीआधी गोवा-महाराष्ट्र सीमेवर पत्रादेवीच्या नाक्यावर ट्रक कसे खोळंबायचे, आठवतं ना? पेट्रापोल-बेनापोल या भारत-बांगलादेश नाक्यावर माल पार व्हायला 138 तास लागतात, असं जागतिक बँकेने 2021 मध्ये मांडलं. त्यातले 28 तास नुसते एका ट्रकातून उतरवून दुसऱ्यात भरण्यात जातात. पूर्व आफ्रिकेत अशाच सीमेवर 6 तासही लागत नाहीत.

आणि जिथे वाट मोकळी ठेवली तिथे काय झालं? ऑगस्ट 2024 मध्ये ढाक्यात सत्ता पालटली, दिल्लीशी संबंध आंबले. तरीही ऑक्टोबरमध्ये नेपाळ, भारत आणि बांगलादेश यांनी काठमांडूत करार केला आणि 15 नोव्हेंबरला नेपाळच्या नद्यांवरची 40 मेगावॅट वीज आपल्या तारांवरून बांगलादेशात पोचली. पुढे 2025 मध्ये दोन्ही बाजूंनी सूत आणि कपड्यांवर निर्बंध आले. त्या जूनमध्ये, पावसाळा लागताच, वीज ठरल्याप्रमाणे पुन्हा सुरू झाली.