‘फायटरची जोडी आणा, लखपती व्हा’ म्हणणाऱ्या त्या मेसेजबद्दल

ठाणे-नवी मुंबईच्या सोसायट्यांच्या ग्रुपवर सध्या एक मेसेज फिरतोय. थोडक्यात असा: फायटर माशाची, म्हणजे बेट्टाची, जोडी आणा. रात्री एका बरणीत सोडा, सकाळी अंडी. अंडी दिसताच नर-मादी दोन्ही बाहेर काढा, नाहीतर खातात. त्यांच्या खाण्यासाठी बाल्कनीत पाण्याची बादली उघडी ठेवा, आठवडाभर हात लावू नका, डासांच्या अळ्या फुकट मिळतात. पिल्लांना उकडलेल्या अंड्याचा बलक. फायटर हवेतून श्वास घेतो, त्यामुळे पाणी बदलायची कटकट नाही. एका वेळी ५०० पिल्लं, २०० रुपयांनी विकली की १ लाख. उरलेली जवळच्या तळ्यात सोडा, डास कमी होतील. शेवटी जोडलेले हात आणि ‘गरजूंपर्यंत पोचवा’.

माझ्यापर्यंत तो घणसोलीच्या भाच्याकडून पोचला. खाली प्रश्न, ‘मामा, खरंय का?’ आणि वर फोटो: बिस्किटांची बरणी, आत जोडी. विचारायच्या आधीच करून मोकळा.

मेसेजच्या क्रमानं जात नाही. आधी बादली. बाकीच्या चुकांनी मासे मरतील, बादलीनं शेजारी आजारी पडतील.

बाल्कनीतल्या उघड्या, स्वच्छ पाण्यात अंडी घालायला येते ती एडिस, डेंग्यू आणि चिकुनगुनिया पसरवणारी डासाची मादी. आपल्याकडच्या उबदार हवेत अंड्यापासून उडणाऱ्या डासापर्यंतचं चक्र ७ ते १० दिवसांत पुरं होतं. आता ते वाक्य पुन्हा वाचा: ‘आठवडाभर हात लावू नका.’ अळ्यांचे कोष होऊन पहिली खेप उडून जायला जेवढा वेळ लागतो, जवळपास तेवढाच दिलाय. मुद्दाम ठरवून लिहिलं असतं तरी इतकं नेमकं जमलं नसतं. एडिस फार लांब जात नाही आणि चावते दिवसा. तुमच्या बादलीतली तुमच्याच विंगेत चावणार.

राष्ट्रीय कीटकजन्य रोग नियंत्रण कार्यक्रम वर्षानुवर्षं एकच गोष्ट सांगतोय: आठवड्यातून एक दिवस ‘कोरडा’ पाळा, पाण्याची भांडी रिकामी करा, घासा, वाळवा. आठवडाच का, हे वरच्या आकड्यांवरून कळेल. चक्र पुरं व्हायच्या आत मोडायचं असतं. आणि घासायचं का? एडिस अंडी चिकटवते भांड्याच्या आतल्या बाजूला, पाण्याच्या रेषेच्या जरा वर. ती कोरडी पडली तरी कित्येक महिने टिकतात. बादली नुसती ओतून पुन्हा भरली की तीच अंडी फुटतात. पावसाळ्यात पालिकेची माणसं घरोघर कुंड्यांखालच्या ताटल्या आणि फ्रिजमागचा ट्रे तपासत फिरतात, अळ्या सापडल्या तर नोटीस देतात. त्याच इमारतीत कोणीतरी हौसेनं बादली भरून ठेवायची, याला काय म्हणावं!

अर्धं खरं मान्य करतो, नाइलाजानं. डासांच्या अळ्या हे बेट्टाचं उत्तम खाणं आहे. मादीला अंड्यावर आणायला त्या खरोखर उपयोगी पडतात. पण तेच काम गोठवलेले ब्लडवर्म (लाल अळ्या) करतात, जिवंत मोइना किंवा डॅफ्निया (पाण्यातले बारीक जीव) करतात, आणि हे सगळं मत्स्यालयाच्या दुकानात मिळतं. ट्युबिफेक्स, म्हणजे बारीक लाल किडे, आणलेत तर दोन दिवस थोड्या पाण्यात ठेवून ते पाणी दिवसातून तीन-चारदा बदला, कारण ते घाणीतून येतात. गटारातून अळ्या गाळून आणायचा विचारही नको, तिथे पालिका अळीनाशक टाकते. जोडीला १० दिवस, दिवसातून दोन-तीनदा, दोन-तीन मिनिटांत संपेल एवढंच द्यायचं. नर-मादी या काळात वेगवेगळ्या भांड्यांत.

आता बरणी. ‘थायलंडात हा मासा भातखाचरातल्या वीतभर पाण्यात राहतो, मग बरणीत का नाही?’ असा युक्तिवाद मेसेजमध्ये आहे. खाचर उथळ असतं, लहान नसतं. आपल्याकडचं आवणातलं शेत डोळ्यांसमोर आणा: पाणी घोट्याएवढं, पण पळायला सगळं रान मोकळं. नर आपला कोपरा राखतो आणि नको असलेली मादी निघून जाते. बरणीत ती कुठे जाणार? सकाळी अंड्यांऐवजी शेपटी कुरतडलेली, खवले उडालेली मादी मिळते. बऱ्याचदा मेलेली.

करायचं ते असं. दीड फूट लांब, एक फूट रुंद टाकी. त्यात ५ इंच पाणी, म्हणजे साधारण १७ लीटर. तळाला खडी नको, खाली पडलेलं अंडं नराला दिसलं पाहिजे. एका कोपऱ्यात थर्माकोलचा उभा अर्धा कापलेला कप पाण्यावर उपडा चिकटवा, त्याखाली तो बुडबुड्यांचं घरटं बांधतो. दुसऱ्या टोकाला मादीला लपायला जावा मॉस किंवा हायड्रिला अशी भरपूर पाणवनस्पती. पाणी २७-२८ अंश. मे महिन्यात काही करावं लागत नाही; डिसेंबर ते फेब्रुवारी पहाटे पाणी उतरतं, तेव्हा २५ वॉटचा हीटर आडवा ठेवा, उभा ठेवलात तर एवढ्या कमी पाण्यात तो बुडतच नाही. एअरपंप बंद, पाणी हललं की घरटं फुटतं. एसी चालणाऱ्या खोलीत टाकी अजिबात ठेवू नका, कारण खाली येतंच.

नर आधी सोडा. मादी कंदिलाच्या काचेत, किंवा दोन्ही टोकं कापलेल्या पाण्याच्या बाटलीत, टाकीच्या मध्यभागी. नराला ती दिसते, चावता येत नाही. एक-दोन दिवसांत तो घरटं बांधतो. मादी तयार असेल तर तिच्या अंगावर उभे पट्टे येतात आणि पोटाखाली पांढरा ठिपका दिसतो. आडवे पट्टे म्हणजे ती घाबरलीय, थांबा. सोडल्यावर थोडा पाठलाग, एखाद-दुसरी चीर पडणं नेहमीचं. पण मादी कोपऱ्यात धापा टाकत बसली, किंवा ४८ तासांत काही झालं नाही, तर बाहेर काढा आणि पुन्हा आठ-दहा दिवस खाऊ घाला. जमलं, तर नर तिला विळखा घालतो. पहिले काही विळखे रिकामे जातात. हा प्रकार काही तास चालतो. संपला की नर तिला हाकलायला लागतो, त्या क्षणी मादी काढायची. ती मात्र खरंच अंडी खाते, मेसेजमधलं तेवढं बरोबर.

नराला काढायचं नाही. ‘अंडी दिसताच नर काढा’ या एका ओळीमुळे नवख्यांची अख्खी खेप जाते. बेट्टाची अंडी पाण्यापेक्षा जड असतात. घरट्यातून निसटलेलं प्रत्येक अंडं तोंडात घेऊन वर नेऊन ठेवणं, बुडबुडे नवे करत राहणं, बुरशी आलेलं अंडं काढून टाकणं, हे तो रात्रंदिवस करतो. तो नसेल तर अंडी तळाशी जातात आणि त्यांच्यावर कापूस धरतो. २४ ते ४८ तासांत ती फुटतात, पिल्लं शेपटी खाली करून घरट्याला लटकतात, पडली की नर पुन्हा उचलतो. रात्री झीरोचा बल्ब जवळ राहू द्या, त्याला दिसायला हवं. आणखी दोन-तीन दिवसांनी पिल्लं आडवी पोहायला लागली की त्याचं काम संपलं, तेव्हा काढा. काही नर पहिल्या खेपेला अंडी खातात, हे खरं. पण त्यामागे बऱ्याचदा दर दहा मिनिटांनी टाकीवर टॉर्च मारणारा हौशी माणूस असतो.

मग बलक. पूर्ण खोटं नाही. काहीच हाताशी नसेल तर टूथपिकच्या टोकावर येईल एवढा बलक वाटीभर पाण्यात हलवून, फडक्यातून गाळून, त्याचे चार थेंब. पण पिल्लू जेमतेम ३ मिलिमीटरचं असतं आणि हलणाऱ्या गोष्टीवरच झडप घालतं. बलक हलत नाही. तो तळाशी बसून कुजतो, अमोनिया वाढतो, आणि तिसऱ्या दिवशी ‘सगळी अचानक गेली’ अशी तक्रार येते. अचानक काही नाही, निम्मी उपाशी गेली आणि निम्मी सडलेल्या पाण्यात.

पहिलं खाणं म्हणजे इन्फ्युसोरिया, डोळ्यांना जेमतेम दिसणारे जीव. लीटरभराच्या बरणीत टाकीचंच जुनं पाणी घ्या, त्यात गरम पाण्यातून काढलेलं कोबीचं एक पान टाका, तोंडाला मलमलचं फडकं बांधा (पुन्हा तेच, डास). दोन दिवसांत पाणी पांढरट होऊन वास येतो. चौथ्या-पाचव्या दिवशी निवळायला लागतं. उजेडासमोर धरलं की धुळीसारखे कण स्वतःहून फिरताना दिसतात, म्हणजे तयार. सकाळ-संध्याकाळ ५०-१०० मिलिलीटर पिल्लांच्या टाकीत. ही बरणी जोडी सोडायच्या आठवडाभर आधी लावायची असते. अंडी दिसल्यावर धावपळ सुरू केलीत तर ती तूट कशानंच भरून निघत नाही.

पिल्लं चार-पाच दिवस पोहली की आर्टेमिया, म्हणजे खाऱ्या पाण्यातल्या बारीक कोळंबीची ताजी पिल्लं. एक लीटर पाणी, २५-३० ग्रॅम खडे मीठ, अर्धा लहान चमचा आर्टेमियाची अंडी, एअरपंपाचा जोरदार बुडबुडा, २७-२८ अंश. २४ ते ३० तासांत फुटतात. पंप बंद करून तळाशी टॉर्च धरा. टरफलं वर तरंगतात, केशरी ठिपके उजेडाकडे जमतात. नळीनं खालचेच ओढा, बारीक फडक्यात साध्या पाण्यानं धुवा, मग द्या. टरफलं पोटात गेली तर पिल्लं मरू शकतात, तेव्हा आळस नको. पिल्लाचं पोट केशरी दिसलं की पोचलं. पहिला आठवडा पाणी बदलू नका, फक्त तळातली घाण एअरपंपाच्या नळीनं ओढून तेवढंच मुरवलेलं, म्हणजे क्लोरीन उडून गेलेलं, पाणी थेंबाथेंबानं भरा.

‘हवेतून श्वास घेतो’ हे मोठ्या माशाबद्दल खरं आहे. डोक्यात कल्ल्यांच्या वर लॅबिरिंथ नावाचा अवयव असतो, त्यानं तो वरची हवा घेतो. पिल्लांमध्ये तो जन्मतः नसतो, साधारण तिसऱ्या-चौथ्या आठवड्यापासून तयार होतो. त्या काळात पाण्यावरची हवा दमट आणि पाण्याइतकीच उबदार लागते, म्हणून टाकीवर काच किंवा प्लास्टिकची फिल्म. एसीची थंड कोरडी हवा इथेच नडते. आणि हवा घेता आली म्हणून अमोनिया पचतो असं कोणी सांगितलं? श्वास वरून घेतला तरी कल्ले आणि कातडी त्याच पाण्यात असतात. नळाचं पाणी थेट ओतायचं नाही. त्यातलं क्लोरीन मारणारं अँटीक्लोरीन टाका, किंवा रुंद पिंपात २४ तास, तोंडाला जाळी बांधून ठेवा. ठाण्यात पाणीपुरवठ्याच्या शटडाऊनच्या आदल्या दिवशी दोन बादल्या जास्त.

आता १ लाख. एका खेपेत ५०० अंडी पडू शकतात, पण पहिल्यांदा करणाऱ्याकडे दोन महिन्यांनी १०० पिल्लं उरली तरी पाठ थोपटावी. त्यातले निम्मे नर धरा. दोन महिन्यांचे झाले की ते एकमेकांच्या शेपट्या फाडतात, मग प्रत्येकाला वेगळी बरणी. ५० बरण्या, प्रत्येकी २ लीटरची. आठवड्यातून दोनदा निम्मं पाणी बदललं तर आठवड्याला १०० लीटर मुरवलेलं पाणी, हातानं, बरणी-बरणीनं. एक बरणी १५ सेंटिमीटर रुंद असेल तर साडेसात मीटर फळी लागते. वन बीएचकेत ती कुठे मारणार ते सांगा. विकण्याजोगे व्हायला साडेतीन-चार महिने. कुर्ल्याच्या किंवा क्रॉफर्ड मार्केटच्या दुकानदाराकडे कोलकात्याचा आणि थायलंडचा माल आधीच पडलेला असतो, तो तुमच्या सरमिसळ पिल्लांना मेसेजमधला भाव देणार नाही. माद्या तर बहुतेक घरातच राहतात. ‘लाल नर, निळी मादी, जांभळी पिल्लं’ हेही रंगपेटीतलं गणित आहे. रॉयल ब्लू नर आणि रॉयल ब्लू मादी घेतली तरी पिल्लं निम्मीच रॉयल ब्लू निघतात. पाव टर्क्वाइज (हिरवट निळी), पाव स्टील (करडी निळी).

‘उरलेली तळ्यात सोडा.’ नको. ठाण्याचा मासुंदा तलाव असो की नवी मुंबईतल्या सेक्टरमधला, पावसाचं पाणी साठवणारा होल्डिंग पाँड, परदेशी मासा तिथे सोडायचा नाही, घरातला रोग तर नाहीच नाही. डासांसाठी पालिका गप्पी मासे सोडते, तेवढं पुरे. आणि कोणीतरी पुढे जोडलेली ती ओळ, ‘मुलांना दोन नरांची झुंज दाखवा’: करमणुकीसाठी प्राण्यांची झुंज लावणं १९६०च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याच्या कलम ११ खाली गुन्हा आहे, आणि त्या कायद्यात ‘प्राणी’ म्हणजे माणूस सोडून कोणताही जीव.

पाण्यात बदामाचं पान टाका, असंही मेसेजमध्ये आहे, आणि ते बरोबर आहे. रस्त्याकडेच्या देशी बदामाचं गळलेलं, वाळून तपकिरी झालेलं पान, धुऊन, १७ लीटरला एक. हिरवं तोडून नको.

घणसोलीच्या बरणीपुरतं: मादी आत्ताच्या आत्ता काढ, झाकण असलेल्या वेगळ्या भांड्यात ठेव, बदामाचं एक पान टाक. कोबीचं पान दुसऱ्या बरणीत आज संध्याकाळीच लाव आणि दहा दिवस जोडीकडे फक्त खाऊ घालायला जा. बाल्कनीत बादली ठेवली असशील तर ती गटारात ओतू नकोस, गच्चीच्या तापलेल्या फरशीवर ओत. मग आतून, पाण्याच्या रेषेच्या वर, काथ्यानं घास आणि उन्हात उपडी घाल.