स्प्लेंडर, कोळ्याचं जाळं आणि हजेरी

गेल्या पावसाळ्यात माझी स्प्लेंडर गेली. कोल्हापुरात, लक्ष्मीपुरीत, रविवारच्या बाजाराला, दोन किलो कांदा आणि कोथिंबीर घेऊन येईस्तोवर जागेवर गाडी नाही. अकरा वर्षं वापरलेली, चालू करताना डावीकडं जरा कलवावी लागायची, म्हणजे चोराला पण घाम फुटला असणार. उद्यमनगरातले मित्र म्हणाले सोड रे, त्या डब्याला कोण शोधतंय. पण राग आलेला आणि नव्या गाडीचे हप्ते पण नको होते, म्हणून तक्रार दिली. त्या महिनाभरात पोलीस खातं कुठं चाललंय ते जेवढं कळलं तेवढं एरवी पेपर वाचून कळलं नसतं.

आता घरबसल्या ऑनलाईन कळवता येतं, फक्त तीन दिवसात ठाण्यात जाऊन सही करायची. १ जुलै २०२४ पासनं नवीन कायदे आले त्यात हे आहे. झिरो एफआयआर पण कायद्यातच लिहिलीय, म्हणजे गुन्हा कुठल्याही हद्दीत घडू दे, समोरच्या ठाण्यानं नोंदवून घ्यायचा. हे मला खरंच भारी वाटतं, कारण आपली सगळी हयात "हे आमच्या हद्दीत येत नाही" ऐकण्यात गेली, रस्त्याच्या अलीकडं एक ठाणं आणि पलीकडं दुसरं, मधी डिव्हायडरवर पाकीट मारलं तर देवालाच सांगायचं.

सहीला गेलो. ठाण्याचं नाव लिहीत नाही, माणसं वाईट नव्हती. ठाणे अंमलदारांच्या टेबलावर काचेखाली एक झेरॉक्स, जुनं कलम आणि पुढं नवीन. चोरीचं ३७९ होतं ते आता ३०३, खुनाचं ३०२ होतं ते १०३, आणि आपलं लाडकं ४२० गेलं ३१८ ला. आता कुणाला तीनशेअठरा म्हटलं तर समोरचा लॉजची रूम समजंल. एका बोटानं टाइप करता करता अंमलदार मधीच थांबून काचेत वाकून बघायचे. पस्तीस वर्षांची बोटावरची सवय एका रात्रीत मोडायला सांगितली की असंच होणार, त्यात मला हसू नाही आलं.

मग फुटेज. चौकातल्या कॅमेऱ्याचं बघूया म्हणून कौतुकानं बसलो, तर काचेवर कोळ्याचं जाळं. खरंच. जाळ्यात एक माशी आणि माशीच्या मागं, पावसात, माझी गाडी ढकलत चाललेला एक पाठमोरा माणूस. नंबर दिसत नाही, तोंड दिसत नाही. सगळे गप्प. तेवढ्यात मागं एक हवालदार मामा उभे होते, रिटायरमेंटला आठ महिने राहिलेले, ते म्हणाले, "जरा मागं घ्या. उजवा पाय ओढतोय बघा." दोनदा बघितलं आणि कुणाला तरी फोन लावत बाहेर गेले. चौथ्या दिवशी गाडी घावली, कागलच्या पुढं, बंद पडलेल्या गुऱ्हाळाच्या मागं. पावसाळ्यात तिकडं कोण फिरकतंय.

म्हणजे कॅमेरा नसता तर मामांना पाय दिसला नसता, आणि मामा नसते तर कॅमेऱ्यानं काय पकडलं असतं, माशी. वीस वर्षं त्या गल्ल्यांत घेतलेला चहा होता तो. हे आपल्याकडं कुणी मोजत नाही. मामांच्या जागी येणारी पोरं हुशार आहेत, शिकलेली आहेत, पण त्यांना गल्लीत फिरायला वेळ कुठंय? आज विसर्जन, उद्या शाहू स्टेडियमला मॅच, परवा मंत्र्यांचा दौरा. बंदोबस्तातच वर्ष जातं. राहिलेला वेळ मोबाईलवर, कारण गस्त आता स्टेटसवर घालायची असते. जून २०२३ ला आपण बघितलंच की, दोन-चार स्टेटसवरनं बंद, दगडफेक, लाठीमार आणि गावाचं नेट बंद.

गाडी ताब्यात घेतानाचा पंचनामा मामांनी स्वतःच्या मोबाईलवर शूट केला, झडती-जप्तीचं शूटिंग आता करावंच लागतं, त्यासाठी ई-साक्ष्य म्हणून ॲप आहे. निम्म्यात मोबाईल फुल्ल. मग तिथंच ऊन-पावसात उभं राहून भाच्याच्या हळदीचे व्हिडिओ डिलीट केले बिचाऱ्यांनी. तरी पण मी म्हणेन की हा बदल चांगला. पंचनाम्यावर न बघता सही करणारे नेहमीचे पंच आपण सगळ्यांनी बघितलेत.

आता जे खुपलं ते.

गाडी घावायच्या आधी, दुसऱ्या दिवशी, ठाण्यात बाकड्यावर एक पोरगं बसवलेलं. विशीतलं, एका वस्तीवरचं. कशाला म्हणून विचारलं तर "रेकॉर्डवरचा आहे". दोन वर्षांपूर्वी एका चोरीत नाव आलेलं, सुटला पण होता. त्याचे दोन्ही पाय धडधाकट. संध्याकाळपर्यंत बसला आणि मग सोडला. मारलं नाही कुणी, ते खरं. पण माझ्या गाडीपायी त्याचा रोज बुडाला.

आपल्या गावात ह्या गोष्टीला एक जुना शब्द आहे, हजेरी. इंग्रजांनी १८७१ ला कायदा करून जमातीच्या जमाती जन्मानं गुन्हेगार ठरवल्या, त्यातल्या माणसांनी जाऊन हजेरी द्यायची, गुन्हा केलेला असो नसो. देशात तो कायदा १९५२ ला गेला. आपल्या शाहू महाराजांनी संस्थानात हजेरी १९१८ लाच बंद केली आणि गावाजवळ सोनतळीला फासेपारध्यांना आसरा दिला, ज्यांच्यावर पहारा ठेवायचा त्यांनाच पहाऱ्याला ठेवलं. जयंतीला आपण एवढे हार घालतो, पण त्यातला हा भाग भाषणात फार येत नाही.

हे आत्ताच आठवायचं कारण म्हणजे राज्य सरकारनं २०२४ मध्ये मार्व्हल नावाची कंपनी काढलीय, पोलिसांना एआय पुरवायला. त्याच्या आधी २०२२ ला केंद्राचा कायदा झाला, अटक झालेल्याचे बोटाचे ठसे, डोळ्याची बुबुळं वगैरे घेऊन ७५ वर्षं ठेवायचे. निर्दोष सुटला तर पुसायचं असं लिहिलंय त्यात, पण पुसलं का नाही हे वस्तीवरचं पोरगं कुणाला विचारणार? सायबर फ्रॉडचे पैसे कुठल्या खात्यातनं कुठं गेले ते एआयनं शोधावं, जरूर शोधावं, माणसाच्या हातानं ते होतच नाही. पण "संशयित कोण" हे जर मशीन जुन्या रेकॉर्डवरनं सांगणार असेल तर मशीन तेच बाकड्यावरचं पोरगं दाखवणार, फक्त पाच सेकंदात. आणि मशीनला पाय ओढणं दिसलं तरी मामांसारखी शंका येईल का, मला नाही वाटत.

आणि कॅमेरा बसवायचाच तर ठाण्यातला पण चालू पाहिजे की. सुप्रीम कोर्टानं डिसेंबर २०२० ला सांगितलंय, प्रत्येक ठाण्यात, लॉकअपपासनं गेटपर्यंत, आवाजासकट, रेकॉर्डिंग १८ महिने ठेवा. २०२५ ला कोर्टाला परत स्वतःहून विचारावं लागलं की बंद का आहेत. मी बसलेलो त्या बाकड्याच्या वरती पण एक होता, लाईट लागलेला दिसला नाही. ऑगस्ट २०२५ पासनं हायकोर्टाचं सर्किट बेंच इथंच झालंय, निदान हे विचारायला मुंबईची गाडी धरायला नको.

कोर्टातनं ऑर्डर आणून गाडी सोडवायला गेलो तेव्हा ते पोरगं परत दारात दिसलं. त्यानंच ओळखलं. "घावली न्हवं गाडी? बरं झालं," म्हणाला. मी म्हटलं तू परत हितं कसा? तर म्हणाला, "काय न्हाई, दर सोमवारी तोंड दावून जा म्हणालेत."