लुईव्हिलचा बेत आखताना आधी वार पाहा

एका प्रवासलेखात अमेरिकेतल्या केंटकी राज्यातल्या लुईव्हिलचा नदीकाठचा वॉटरफ्रंट पार्क आणि बॅट्स या तिथल्या बेसबॉल संघाचा सामना एकाच सुट्टीत सुचवला आहे. जोडी छान आहे, पण वार सांगायचा राहिला. बॅट्स मायनर लीगमध्ये, म्हणजे मुख्य लीगच्या खालच्या स्तरावर खेळतात, आणि २०२१ पासून या लीगच्या मालिका साधारणपणे मंगळवार ते रविवार अशा सहा सामन्यांच्या असतात. सोमवारी बहुधा विश्रांती, त्यामुळे जोडसुट्टीतल्या सोमवारी मैदान बंद मिळण्याची शक्यता जास्त. वेळापत्रक पाहूनच निघा.

सकाळी आधी पार्कजवळचा बिग फोर पूल चालून यावा. जुना रेल्वेपूल आहे, लांबी सुमारे ७७० मीटर, पलीकडे इंडियानातलं जेफरसनव्हिल. वर सावली जवळपास नाहीच, म्हणून जुलैत दुपारी तिथे जाणं म्हणजे हौसेने भाजून घेणं. वसंतात ओहायो नदीला पूर आला की पार्कचा खालचा भाग पाण्याखाली जातो, तेव्हा नदीची पातळीही बघा.

बॅट्सचं मैदान, स्लगर फील्ड, पार्कला लागूनच आहे, गाडी हलवायची गरज नाही. संध्याकाळच्या सामन्याला तिसऱ्या बेसच्या बाजूची तिकिटं घ्या. बहुतेक बेसबॉल मैदानांत सावली तिथे आधी येते. लहान मुलं असतील तर जाळीमागेच बसा, फाऊल बॉल, म्हणजे बॅटला लागून मैदानाच्या रेषेबाहेर गेलेला चेंडू, फार वेगात येतो. क्रिकेटसारखा तो परत द्यावा लागत नाही, हातात आला की तुमचा! पावसामुळे डबलहेडर, म्हणजे एकाच दिवशी दोन सामने, लागला तर प्रत्येक सामना नऊऐवजी सात इनिंगचा असतो.