खोबरेल तेलाचा दाखला

डिझेल इंदुरात गोठत नाही. हे वाक्य मी गेल्या पंधरा दिवसांत इतक्यांदा म्हटलंय, की परवा झोपेतही बडबडलो, असं बायको सांगते. तरी लोकमान्य नगरातल्या आमच्या गल्लीचं मत ढिम्म हललेलं नाही. माझ्या गाडीतलं डिझेल गोठलं होतं आणि समोरच्या अण्णांनी ते वितळवलं, हा आता इथला इतिहास आहे.

गाडी नऊ वर्षांची, सात जणांची, डिझेलवरची. जानेवारीत पारा आठ-नऊवर आला आणि सकाळी चावी फिरवली की ती खोकायला लागली. तिसऱ्या-चौथ्या खेपेला पेटायची, पण अशी थडथडायची की डॅशबोर्डवरचे गणपतीबाप्पा नाचायचे, आणि मागून पांढरा धूर. मिनिट-दोन मिनिटांत पुन्हा शहाणी. मुलीची शाळा सव्वासातची, त्यामुळे हा तमाशा रोज, आणि नेमका कचरागाडी यायच्या वेळेला. त्यावरचा पोरगा म्हणाला, "भिया, नंबर वन शहर में ये क्या कर रिये हो?" 2017 पासून स्वच्छतेत पहिलं येणारं शहर, आणि मी त्यात डासांची धुरळणी केल्यासारखा उभा.

गॅरेज दहाला उघडतं. तिथवर गेलेली गाडी गरम, मग दुखणं दिसणार कसं? "साब, मक्खन है." मक्खन म्हणून त्यांनी आधी बॅटरी बदलली, मग डिझेल फिल्टर, मग इंजेक्टर साफ केले. गाडी रात्रभर ठेवून घेतली, तीही शेडमध्ये, आणि सुरू केली साडेअकराला. बिलात 'चेकिंग' म्हणून वेगळी रक्कम होती. काय चेक केलं, हे मी अजून विचारतोय.

आता अण्णा. अण्णा इरिगेशनमधून रिटायर झालेत. डोक्यावर माकडटोपी, हातात चहाचा पेला, आणि गल्लीतल्या कुठल्याही यंत्राबद्दल पक्कं मत. एका रविवारी मी बॉनेट उघडून उगाच आत बघत होतो. (आपल्याला काही कळत नसलं तरी बघायचं असतं. डॉक्टरसमोर जीभ काढतो तसं.) अण्णा आले, दोन मिनिटं गप्प राहिले आणि म्हणाले, "ठंड वाजून राहिलीये तिला."

"अण्णा, इंजिनाला थंडी—"

"थांब." घरात गेले आणि खोबरेल तेलाची बाटली घेऊन आले. तोवर दूधवाला, शेजारच्या काकू आणि क्रिकेटची पोरं जमली होती. अण्णांनी झाकण काढलं आणि बाटली माझ्या बॉनेटवर उलटी धरली. "पडतंय का?"

"नाही."

"का नाही?"

"गोठलंय."

"हेच तुझ्या टाकीत!"

मी म्हटलं, अण्णा, खोबरेल चोवीस-पंचवीस अंशांनाच गोठतं, डिझेलला त्याहून पुष्कळ कडक थंडी लागते. लडाखसाठी इंडियन ऑइलनं 2019 मध्ये उणे 33 अंशांतही वाहणारं खास डिझेल काढलं, ते—

"बघा!" अण्णा काकूंकडे वळले. "म्हणजे गोठतं!"

शिकलेल्या माणसानं गल्लीत आकडे सांगू नयेत. मग अण्णांनी उपाय सांगितला: बाटली जशी खिडकीत ठेवतो, तशी गाडी उन्हात ठेव. पोरांनी ती ढकलत उन्हात नेली. दोन तासांनी चावी फिरवली आणि ती हलकट एका झटक्यात सुरू झाली. टाळ्या पडल्या. अण्णांनी वाकून नमस्कार वगैरे केला नाही, नुसती माकडटोपी नीट केली. मला तेच जास्त लागलं.

अखेर छोटी ग्वालटोलीतल्या एका ऑटो इलेक्ट्रिशियनकडे आदल्या संध्याकाळी गाडी लावली आणि सकाळी त्याच्या दारात जाऊन उभा राहिलो. त्यानं ऐकलं, धूर बघितला आणि खिशातून पिवळा मीटर काढला. पंधरा दिवसांत पहिल्यांदा कुणीतरी काहीतरी मोजत होतं. डिझेल इंजिनाला ठिणगी नसते. ते हवा सोळा-सतरापट चेपतं, चेपून ती तापते आणि तिच्यात डिझेल पेटतं. गार लोखंड ती ऊब शोषून घेतं, म्हणून प्रत्येक सिलिंडरमध्ये पेन्सिलीएवढा ग्लो प्लग असतो, त्याचं टोक काही सेकंदांत लाल होतं. आमच्या चारांपैकी दोघांवर मीटरनं एखाद्या ओहमच्या आसपासचा आकडा दाखवला, म्हणजे तार शाबूत. उरलेल्या दोघांवर डाव्या कोपऱ्यात नुसता 1. म्हणजे तार आतून तुटलेली. दोन सिलिंडर न जळलेलं डिझेल धूर करून बाहेर फेकत होते. जुने प्लग हेडमध्ये तुटून बसतात, म्हणून त्यानं इंजिन गरम करून, प्लगांच्या बुडाशी तेल सोडून, हळूहळू पीळ देत काढले. चारही नवे घातले. झालेला खर्च त्या नको असलेल्या बॅटरीच्या निम्माही नव्हता.

आज सकाळी पावणेसात, पारा आठ. डॅशबोर्डवरचा ग्लो प्लगचा पिवळा दिवा विझेपर्यंत थांबलो, चावी फिरवली, आणि पहिल्याच झटक्यात सुरू. धूर नाही, बाप्पा स्थिर. मी विजयानं समोर बघितलं. अण्णा फाटकाशी उभे होते, पेला घेऊन.

"चालली ना? रात्री मीच टाकली होती."

तेव्हा कुठे मला दिसलं. घाईत आणि अंधारात नीट बघितलंच नव्हतं. बॉनेटवर एक गोधडी होती.

"अण्णा, ग्लो प्लग बदललेत. चारही."

"हो हो, तेही चांगलंच केलंस," अण्णा म्हणाले. "गोधडी मात्र धुऊन दे. डिझेलचा वास लागलाय."